अर्धा सूर खाली

भाद्रपद सरला, तरी पाचगणीचे धुके सरेना. धूसर, ओलेगच्च, दिशाहीन धुके. सिल्व्हर ओकच्या राईतून उतरणारे, कौलांवरून ओघळणारे, बंद खिडक्यांच्या काचांना कपाळ टेकून राहणारे. सूर्य म्हणून काही असतो, हे त्या आठवड्यात कोणाला सांगून खरे वाटले नसते.

त्या धुक्यात देवदान साळवे खाटेवर पडून होते. चाळीस वर्षे इथल्या एका शाळेत त्यांनी मुलांना पियानो शिकवला, आणि शाळा सुटली की घरी येऊन स्वतःचे संगीत रचले. कोणाला ठाऊक होते ते? एका नाताळात अकरा माणसांनी ऐकले, चहा घेतला नि सगळी उठून गेली. झाली कीर्ती!

पण काय संगीत होते ते! डाव्या हातात नेवाशाकडच्या विहिरीवरची मोट: तिची कुरकुर, खोल खाली जातानाचा तिचा श्यामल निःश्वास, काठावर येऊन भळाभळा रिते होणे. उजव्या हातात मिशनच्या चर्चमधली उपासनागीते, लहानपणी आईच्या मांडीवर पेंगत ऐकलेली, करुणगंभीर, मंदमंथर. साहेबाचे वाद्य, आणि त्याच्या पोटात गोदाकाठची तहान. त्या रचनेला ते नुसते 'मोट' म्हणत.

कागदावर त्यांनी एक ओळ उतरवली नाही. "लिहिलं की सुकतं गं ते," म्हणायचे. लेक मार्था त्यांची बोटे बघून शिकली, आणि तिने ते बोटांतच जपले.

आता त्यांची वाचा होती, ओळख गेली होती. "बाई, जरा पाणी देता का?" असे पोटच्या पोरीला अदबीने विचारत. ती पाणी देई, आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडे. डॉक्टर म्हणाले, ओळखीचे काहीतरी ऐकवा, निदान एकदा तरी नावाने हाक मारतील. एवढीच तिची आस होती, एक हाक.

पप्पांची आठवण विरू लागली तेव्हापासून, बारा वर्षे मिटलेला पियानो तिने उघडला. पुण्याहून सूर लावणारा आला, कळा दाबून पाहत म्हणाला, "अख्खा अर्धा सूर खाली बसलाय हा. वर घेऊ?"

"घ्या ना! अगदी नव्यासारखा करा."

अरे देवा! तिला बिचारीला काय ठाऊक? ती पाळण्यात होती तेव्हा, ओल्या हवेत जुन्या तारा तटातट तुटू लागल्या, म्हणून देवदानांनीच तो उतरवून घेतला होता. त्या उतरलेल्या, दमलेल्या, सावळ्या सुरांतच त्यांनी सगळे रचले. त्यांच्या कानात प्रत्येक सूर आपापल्या जागी कोरलेला होता. मार्थाच्या कानात नव्हता.

दुपारी तिने 'मोट' वाजवली. नितळ, उजळ, लखलखीत सूर खोलीभर पसरले. एक बोट चुकले नाही. देवदान डोळे मिटून ऐकत राहिले.

"छान वाजवता हो, बाई. कोणाचं आहे?"

"तुमचं, पप्पा! तुमचीच 'मोट' ही!"

ते थबकले. बारा वर्षांत दिसली नव्हती ती जाग डोळ्यांत आली. "नाही हो. माझी 'मोट' याच्या खाली असते. अर्धा सूर खाली."

मार्था ताडकन उठली. म्हणजे ते सगळे होते तिथे, शाबूत, जिवंत! तिनेच हौसेने दार लावून घेतले होते. सूर लावणारा तर सकाळच्याच एसटीने पुण्याला गेला होता.

ती परत बसली. प्रत्येक बोट एक एक कळ खाली सरकवले. काळीच्या जागी पांढरी, पांढरीच्या जागी काळी. पहिले तीन सूर लागले, आणि देवदानांचे ओठ हलले, "मा..." एवढे उमटले. मग तिची बोटे जुन्या वाटेने गेली. चुकली. पुन्हा धरली, पुन्हा चुकली. तिचे सगळे पाठ होते ते बोटांना, आणि बोटांना ही वाट ठाऊक नव्हती.

देवदानांनी उशीवरून मान उचलली होती, ओठ तसेच अर्धे उघडे होते. ते पुढच्या सुराची वाट बघत होते, बघत होते, आणि मार्थाला तो सापडत नव्हता.