पाच पानांचं ज्येष्ठमध

वनौषधींची खात्रीशीर माहिती देणाऱ्या त्या संकेतस्थळाच्या कचेरीत सगळं हिरवंगार होतं. भिंती हिरव्या, खुर्च्या हिरव्या, साहेबांचा सदरा हिरवा. कुंडीतली रोपं तेवढी पिवळी पडली होती, कारण त्यांना पाणी घालणं कोणाच्याच कामात बसत नव्हतं. या कचेरीत पुरावे तपासायला एक बाई ठेवल्या होत्या. कोणत्या औषधीबद्दलचा कोणता दावा अभ्यासात टिकला आणि कोणता नुसताच ऐकीव, हे त्या बघत आणि त्या मानाने तिच्या नावापुढे एक ते पाच हिरवी पानं काढत. पाच पानं म्हणजे भक्कम पुरावा, एक पान म्हणजे रामभरोसे. कचेरीत त्यांना शंकाताई म्हणत, आणि तेही तोंडावर.

ज्येष्ठमधाला शंकाताईंनी दोन पानं दिली. घशाला आराम पडतो याला थोडाफार आधार होता, बाकी दाव्यांच्या नावाने आनंदच होता. खाली त्यांनी लाल अक्षरांत लिहिलं, की रक्तदाब असलेल्यांनी हे रोज घेऊ नये. दाब चढतो, अंगातलं पोटॅशियम उतरतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. कचेरीचे सल्लागार वैद्य तर म्हणाले, "लिहाच. माणूस कोण, त्याला काय होतंय, हे न बघता द्यायला ते काय चॉकलेट आहे?"

साहेबांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"दोनच पानं? झाड वठल्यासारखं दिसतंय हो."

"पुरावा तेवढाच आहे."

"आणि हे लाल काय? लोक आपल्याकडे बरे व्हायला येतात, त्यांना कशाला घाबरवायचं? आपला नियम ठरलेला आहे. फायद्याला एक संदर्भ पुरे. तोट्याला तीन लागतात, वर वकिलांची सही."

"मी सात दिलेत, साहेब."

"मग सहीचंच राहिलं म्हणायचं."

वकीलसाहेब मन:शांतीसाठी कुठल्याशा डोंगरावर जाऊन बसले होते आणि तिथे फोन लागत नव्हता. त्यांची सही येईपर्यंत लाल मजकूर थांबला, हिरवा मात्र दुसऱ्याच दिवशी झळकला. ज्येष्ठमधापुढे पाच पानं डोलत होती. खाली गोल शिक्का होता, 'पुराव्यानिशी तपासलेले', आणि त्यात शंकाताईंचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

वडील, म्हणजे तात्या, निवृत्त हेडमास्तर. आईवडील दोघंही शंकाताईंकडेच राहत. तात्यांना रक्तदाब जुना, गोळी रोजची, आणि आयुष्यभर वर्गावर ओरडून घसा कायमचा धरलेला. तो शिक्का त्यांनी मोठा करून पाहिला, आईला दाखवला, शेजाऱ्यांना दाखवला. मग ज्येष्ठमधाच्या चूर्णाची बरणी आणली आणि सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून सुरू केलं.

"तात्या, तुम्हाला रक्तदाब आहे. हे घेऊ नका."

"कुठे लिहिलंय?"

"मीच लिहिलं होतं. त्यांनी काढलं."

"काढलं म्हणजे चुकलेलंच असणार. पोरांच्या वह्यांत मीही तेच करायचो."

"अहो, मी सांगतेय ना."

"तोंडी उत्तराला मार्क नाहीत, हे तुला पहिलीपासून सांगत आलोय. लिहून दाखव."

शंकाताईंनी सातही अभ्यास छापून आणले. तात्यांनी चष्मा लावून पानं चाळली आणि परत दिली. "सगळी परकी माणसं. यात तुझं नाव कुठाय?" बरणी लपवली तर नवी आली. चमचा मात्र जुनाच होता, तो आईनेच काढून दिला. इतकी वर्षं मुलीने आपलं ऐकावं म्हणून जिवाचं रान केलेला माणूस आता शिक्क्यातल्या तिच्या नावाचंच ऐकत होता, आणि तेच त्याच्या जिवावर उठलं होतं. शंकाताई रोज साहेबांच्या दारात उभ्या राहायच्या आणि साहेब रोज डोंगराकडे बोट दाखवायचे.

एका सकाळी तात्या खुर्चीतून उठायला गेले आणि पायांनी साफ नकार दिला. छाती धडधडत होती. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दाब पाहिला, रक्त तपासलं आणि विचारलं, "आजोबा, ज्येष्ठमध वगैरे घेताय का?"

"घेतो की. पाच पानांचं आहे," तात्या पडल्या पडल्या म्हणाले आणि त्यांनी मोबाइल पुढे केला.

डॉक्टरीणबाईंनी पान वाचलं, शिक्का वाचला, केसपेपरवरचं तात्यांचं नाव वाचलं आणि मग शंकाताईंकडे पाहिलं. चार शब्द सुनावले असते तर शंकाताईंना जरा तरी बरं वाटलं असतं.

तात्या घरी आले आणि दुसऱ्या दिवशी शंकाताई कचेरीत गेल्या. या वेळी त्यांनी अभ्यास नेले नाहीत, तात्यांचा दवाखान्यातला फोटो नेला. संकेतस्थळावर 'माझा अनुभव' नावाचं सदर होतं. त्याला संदर्भ लागत नसे, वकील लागत नसे, शंकाताईही लागत नसत. त्यांनी तात्यांच्या नावाने चार ओळी लिहिल्या: मला रक्तदाब आहे, मी रोज ज्येष्ठमध घेतलं, माझे पाय गेले, तुम्ही घेऊ नका.

"फोटो झकास आहे," साहेब म्हणाले. "डोळे बोलतात." दुपारपर्यंत मजकूर झळकलासुद्धा.

तात्यांनी तो दोनदा वाचला. मग उठून भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेले आणि बरणी कचऱ्यात टाकली. "आता लिहून आलंय," ते म्हणाले. शंकाताईंचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी त्यांना स्वतःची लाजही वाटली. खरी गोष्ट लोकांच्या गळी उतरवायला त्यांना पुरावाच बाजूला ठेवावा लागला होता.

आठवड्याने साहेबांनी बोलावलं. ते भलतेच खुशीत होते. पडद्यावर ज्येष्ठमधाची पाच पानं जिथल्या तिथे होती आणि त्यांच्याखाली तात्या.

"लोकांनी डोक्यावर घेतलंय हो. आपल्या इतक्या पुराव्यांना कोणी विचारत नव्हतं. असा अनुभव आता दर आठवड्याला हवा." साहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज मऊ केला. "पुढच्या आठवड्यात कोरफड घेऊ. तुमच्या आई असतात ना घरी?"