फळीवरचा तयार ‘ड्रॅग’

१९५४ साल. कॅलिफोर्नियातल्या कॉर्डेल गावी त्या उन्हाळ्यात पीचला एवढा बहर आला होता की फांद्यांना टेकू द्यावे लागले. लिओटा प्रुइट तेव्हा तेवीस वर्षांची होती आणि गावच्या दैनिकात मथळ्यांचे शिशाचे छपाईचे खिळे जुळवायची. वारंवार लागणारे शब्द ती मोडत नसे. दोऱ्याने बांधून फळीवर ठेवून द्यायची, म्हणजे घाईच्या वेळी उचलून लावता येत. ‘आग’ होता, ‘निवडणूक’ होता, आणि तीन वर्षांपासून ‘ड्रॅग’ही होता.

कालव्याच्या रस्त्यावर दोघा माथेफिरूंनी गाड्या पळवल्या आणि कोणाची तरी कोंबडी मेली, की हॅल्व्हरसनसाहेब, म्हणजे संपादक, तो शब्द मागत. त्यांच्या लिपीत तो चार अक्षरांचा. एका स्तंभात मोठ्या टाइपाची अकरा अक्षरं बसत. त्यात ‘रस्त्यावरची बेकायदा शर्यत’ कशी मावणार?

पण ड्रॅग शर्यत हे नाव ज्यांचं खरं, ती मंडळी कालव्याकडे फिरकतही नसत. लिओटाचा थोरला भाऊ ऑर्व्हल त्यांच्या क्लबाचा प्रमुख होता. युद्धानंतर ओस पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर दर रविवारी दोन-दोन गाड्या सरळ पाव मैल धावत. डोक्यावर शिरस्त्राण, कमरेला पट्टा, कडेला रुग्णवाहिका. सुटण्याआधी ऑर्व्हल प्रत्येक गाडीखाली पाठीवर सरपटत जाऊन नट न् नट तपासायचा.

ऑगस्टमध्ये शेजारगावच्या दोन पोरांनी कालव्यावर शर्यत लावली आणि पीचच्या ट्रकला धडक दिली. ट्रकवाल्या म्हाताऱ्याचा पाय मोडला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर ‘ड्रॅग’ झळकला. लिओटाने स्वतःच्या हाताने लावला होता तो. त्याच आठवड्यात जिल्हा मंडळातल्या एकाने ठराव आणला की विमानतळाला कुलूप लावा. पुढच्या गुरुवारी मतदान होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

लिओटा साहेबांपुढे उभी राहिली. ती पोरं क्लबाची नव्हती, आमच्या लोकांना कालव्यावर गाडी पळवली तर क्लबातून काढतात, हे तिने सांगितलं. साहेबांनी चष्मा वर केला.

“पोरी, गाडी वेगात पळते की नाही? मग माझ्या वाचकाला दोन्ही सारखंच.”

“एकदा येऊन बघा, साहेब. न बघता तीन वर्षं छापताय.”

हे त्यांना झोंबलं. रविवारी आपली निळी गाडी घेऊन ते आले, शेजारच्या सीटवर कॅमेरा. लिओटाने त्यांना आईच्या हातच्या, पीच भरून तळलेल्या करंज्या दिल्या, त्या त्यांनी उभ्याउभ्याच खाल्ल्या. मग म्हणाले, धावपट्टीच्या पार टोकाला जाऊन गाड्या समोरून येतानाचा फोटो घेतो. आणि गाडीत बसले.

ऑर्व्हल आडवा आला. पट्टीला ज्याचं चाक लागेल त्याची तपासणी, हा क्लबाचा नियम. पाण्याच्या टँकरची व्हायची, रुग्णवाहिकेचीसुद्धा व्हायची. साहेब म्हणाले, मी काय शर्यतीला आलोय? ऑर्व्हलने आत वाकून हाताने ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला गेलं. मग तो गाडीखाली शिरला आणि ओली बोटं पुसत बाहेर आला.

“नाही जमायचं, साहेब. मागच्या चाकाला ब्रेकचं तेल गळतंय. हिला पट्टीवर सोडणार नाही.”

गुरुवार चार दिवसांवर, आणि हा शहाणा संपादकालाच परत पाठवतोय. लिओटाने भावाला बाजूला ओढलं, एवढ्या एका वेळी सोड म्हणाली. ऑर्व्हल शांतपणे म्हणाला, “आज सोडली तर मग ती कालव्यावरची पोरं काय वाईट?”

साहेबांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. पण गाडी तिथेच ठेवून ते टोकापर्यंत चालत गेले, भर उन्हात, टोपी न घालता. लिओटाही मागून गेली. झेंडा पडला. आधी दोन ठिपके दिसले, मग जमीन पायाखाली थरथरली, आणि दोन्ही गाड्या मापाच्या दोरीवर चालल्यासारख्या सरळ, तेरा सेकंदांत अंगावर आल्या आणि पुढे निघून गेल्या. साहेब फोटो काढायचा विसरले. परत येईपर्यंत क्लबाच्या दोघांनी त्यांच्या गाडीचं चाक उतरवून गळती बंद केली होती. ऑर्व्हलने गाडी तपासणीत नापास झाल्याची चिठ्ठी रीतसर लिहून त्यांच्या हातात दिली.

सोमवारी साहेब खिळ्यांच्या टेबलापाशी आले आणि फळीकडे बोट दाखवून म्हणाले, तो मोड. लिओटाने दोरा सोडला आणि चारही अक्षरं एकेक करून आपापल्या खणात टाकली. बुधवारच्या अंकात साहेबांनी स्वतःच्या नावाने लिहिलं: गावातली सगळ्यात धोकादायक गाडी रविवारी विमानतळावर सापडली, ती माझी होती. गुरुवारी ठराव तीन विरुद्ध दोन मतांनी पडला.

त्यानंतर कालव्यावर काही झालं की मथळा दोन ओळींचा लागायचा. त्यासाठी साहेबांना आपला लाडका हवामानाचा चुटका कापावा लागे, आणि दर वेळी ते कुरकुरत.

साहेबांनी १९६३ साली पेपर विकला. त्यांच्या टेबलाचा खण रिकामा करताना ती चिठ्ठी निघाली, घडीवर घडी पडून फाटलेली. ट्रकवाला म्हातारा काठी टेकत आणखी अकरा वर्षं पीच नेत राहिला. धडक देणाऱ्यांपैकी एकजण पुढे क्लबात आला, तीनदा नापास झाला, चौथ्यांदा धावला. ऑर्व्हलने चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, गावातल्या निम्म्या ब्रेकांवर त्याचा हात होता. तो ब्याण्णव साली गेला. धावपट्टीवर आता घरं आहेत. खिळे भंगारात गेल्यावर लिओटा मुद्रितं तपासू लागली. आता ती नव्वदीच्या घरात आहे. टीव्हीवर रस्त्यावरच्या अपघाताला कोणी ‘ड्रॅग’ म्हटलं, की ती त्या वाहिनीला पोस्टकार्ड टाकते. उत्तर दोनदाच आलंय.