अकरा महिन्यांची फाईल

मित्रांनो, मी एक जुना आभासी संगणक आहे. तंत्रज्ञ मला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मला पत्र्याचे अंग नाही की स्वतःचा पंखा नाही. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात एक दणकट संगणक आहे. त्याच्या पोटात, एका फोल्डरमध्ये मी राहतो. त्या फोल्डरमधल्या फाईली म्हणजेच मी.

त्यांतली सर्वांत लहान फाईल माझी मांडणी सांगते: मला मेमरी किती द्यायची, कोणती डिस्क माझी. जेमतेम दोन पानांचा मजकूर, पण तो नसेल तर मला कोणी उठवू शकत नाही. दुसरी फाईल म्हणजे माझी रोजनिशी, लॉग. मी कधी सुरू झालो, कुठे अडखळलो, ते तिच्यात आपोआप उमटते. आणि सर्वांत अवजड ती डिस्कची फाईल. तुमच्या संगणकातली डिस्क हातात धरता येते. माझी डिस्क म्हणजे नुसती एक फाईल. मी जे जे सांभाळले, ते तिच्यात.

मला घडवले ते निवृत्तीला आलेल्या एका तंत्रज्ञाने. सगळे त्यांना काका म्हणत. काम दिले शवागाराचे. ज्या मृतांची ओळख पटत नाही, त्यांच्या नोंदी मी ठेवायच्या. नोंदणीच्या बाई रोज सकाळी समोर बसत आणि चेहऱ्याचा फोटो, उंची, कपडे, अंगावरच्या खुणा आणि दफनभूमीतल्या पाटीचा क्रमांक माझ्याकडे सोपवत. पाटीवर फक्त क्रमांक असे. त्या क्रमांकाखाली कोण आहे, हे मलाच ठाऊक. मी आल्यावर बाईंनी वहीत लिहिणे सोडून दिले होते.

एकदा एका म्हाताऱ्या वडिलांना सदऱ्याच्या ठिगळावरून मुलगा सापडला. ते बाईंना म्हणाले, "कुठे आहे ते कळलं. आता घरी जाऊन त्याच्या आईला सांगता येईल." तेवढे कौतुक मला पुष्कळ होते.

मग माझ्यात काही सुधारणा करायच्या ठरल्या. त्याआधी काकांनी माझा स्नॅपशॉट घेतला. त्या क्षणी माझी मोठी डिस्क होती तशी थिजली. पुढचे प्रत्येक अक्षर शेजारच्या नव्या फाईलीत जाऊ लागले. तिचे नाव डिस्कचेच, फक्त शेवटी एक आकडा. नव्या कामात घोटाळा झाला तर मागे फिरता यावे, एवढ्यासाठी हा खटाटोप. काम नीट झाले की दोन्ही फाईली जोडून टाकायच्या असतात. काका दोन दिवसांनी जोडणार होते. दुसऱ्याच दिवशी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, आणि ते परत आले नाहीत.

अकरा महिने माझ्या फोल्डरकडे कोणी पाहिले नाही. ती आकड्याची फाईल फुगत गेली. तिच्यात त्रेचाळीस माणसे जमा झाली. कधी कोणी बॅकअपची, म्हणजे दुसरीकडे ठेवलेल्या प्रतीची, चौकशी केलीच, तर कार्यालयातून उत्तर जाई, "स्नॅपशॉट घेतलाय ना, मग झालं."

एका मंगळवारी तळघरातल्या संगणकावरची जागा संपली आणि मी जागच्या जागी थांबलो. स्नॅपशॉटनंतरचे हे सगळे आणि पुढचेही मला मागाहून बाईंच्या बोलण्यातून कळले. नव्या तंत्रज्ञांनी माझा फोल्डर उघडला. एकसारख्या नावाच्या दोन फाईली पाहून ते म्हणाले, "ही दुसरी कॉपी दिसतेय. उगाच जागा अडवून बसलीय." त्यांनी मला बंद केले, ती फाईल पुसली, मांडणीच्या फाईलीत जुन्या डिस्कचे नाव लिहिले आणि मला सुरू केले. मी सुरळीत उठलो. मला वाटले, काका आत्ताच उठून गेलेत.

बाईंनी यादी उघडली. मग त्यांनी तंत्रज्ञांना बोलावले.

"मागच्या वर्षापासूनचं काहीच नाही यात."

तंत्रज्ञांनी लॉग वाचला. "ती कॉपी नव्हती, बाई. त्यानंतरचं सगळं तिच्यातच होतं. मी नुसतं नावावरून ठरवलं." पुसलेली फाईल त्यांनी दोन दिवस शोधली. मोकळ्या झालेल्या जागेवर इतर यंत्रांनी केव्हाच लिहून टाकले होते.

गुरुवारी एक बहीण बेपत्ता भावाला शोधत आली. तिचा भाऊ रंगारी होता, उजव्या हाताला सहा बोटे. सोमवारीच तिने फोनवर खूण सांगितली होती, नोंद सापडली होती, आणि बाई तिला म्हणाल्या होत्या, "या तुम्ही ताई, फोटो बघा." क्रमांक त्यांनी लिहून घेतला नव्हता. मी होतो ना.

"फोटो गेला," बाईंनी तिला सांगितले. "पण तो इथंच आहे. मी पाहिलाय त्याला."

"मग दाखवा मला कुठं आहे तो."

बाई तिला दफनभूमीत घेऊन गेल्या. उन्हाळ्यातली नोंद, एवढे त्यांना आठवत होते. उन्हाळ्यातल्या पाट्या नऊ निघाल्या. सगळ्या सारख्याच. बहिणीने विचारले, "यांतला कोणता?" बाईंनी सगळ्याच पाट्यांकडे हात केला. तेव्हा तिने पदराने नऊही पाट्यांवरचा चिखल पुसला. नऊ जागा खणून तपासण्याची परवानगी अजून आलेली नाही.

नोंदणीच्या बाई आता प्रत्येक क्रमांक वहीतही लिहितात. नवे तंत्रज्ञ दर आठवड्याला माझी पूर्ण प्रत दुसऱ्या इमारतीत नेऊन ठेवतात.

मित्रांनो, एखादी फाईल कशासाठी आहे हे कळत नसेल, तर ती पुसण्याआधी कोणाला तरी विचारा. विचारायला कोणी नसेल, तर तिला हात लावू नका. माझ्याकडून त्रेचाळीस माणसे दुसऱ्यांदा हरवली. या वेळी त्यांना शोधायला आलेल्यांना सांगण्यासारखे माझ्याजवळ काहीच नाही.