माकडांनी सोडलेला वेल

किन्हवलीच्या घरामागे काशी आणि तिची धाकटी जाऊ स्नेहल यांनी उन्हाळ्यात शेजारीशेजारी काकडी लावली. दोघी एकाच विहिरीचं पाणी घालायच्या, तरी स्नेहलचा वेल काकड्यांनी लगडला आणि काशीच्या वेलाला जेमतेम चार वाकड्या काकड्या धरल्या. सासरे जेवताना स्नेहलचीच काकडी मागायचे. काशी आतून जळायची.

एका दुपारी डोंगरातून माकडं उतरली आणि स्नेहलचा वेल ओरबाडून गेली. ती रडायला लागली. काशीला बरं वाटलं. मग तिने आपल्या वेलाकडे पाहिलं. त्याला माकडांनी हातही लावला नव्हता.

"तुमची तरी वाचली, वयनी," स्नेहल म्हणाली.

"मेल्यांना माझी काकडी नको झाली काय गो?"

रडता रडता स्नेहलला हसू फुटलं. काशी मात्र खरंच चिडली होती.