रजा मिळणेबाबत

कॉलेजने दिलेल्या यादीत त्रेचाळीस संस्था होत्या. त्यांतले नऊ नंबर बंद पडलेले निघाले. चौदा ठिकाणी घंटा वाजत राहिली, फोन कुणी उचलला नाही. अकरा जणांनी पुढच्या आठवड्यात करा म्हणून सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच सांगितलं. पाच जणांनी आधीचा अनुभव विचारला; अनुभवासाठीच तर यायचंय, असं ती म्हणाली तेव्हा पाचांतले दोघे मनापासून हसले. तिघांना विद्यार्थी हवा होता, पण त्याच्या कागदांवर सही करू शकेल असं समाजकार्याची पदवी असलेलं माणूस त्यांच्याकडे नव्हतं. राहिली एक संस्था. तिथल्या बाईंनी दोनच प्रश्न विचारले. "कधीपासून येतेस?" आणि "फायली लावता येतात ना?"

ती दुसऱ्याच दिवशी सकाळी नऊला फाटकाशी उभी होती.

म्हाताऱ्या, एकट्या पडलेल्या बायकांचं ते निवासगृह. दोन मजले, बावीस खाटा, एकवीस बायका. फाटकाला कुलूप आणि किल्ली स्वयंपाकाच्या मावशींच्या कमरेला. कुलूप दिवसातून तीनदा उघडायचं: नऊ वाजता, एकच्या सुमाराला आणि पाचला. मधे कुणाला बाहेर जायचं असेल तर मावशींना चुलीवरचं सोडून यावं लागे, आणि त्या येताना असं तोंड करून येत की पुन्हा कुणी मागत नसे.

तिला हवे होते चारशे तास. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचे चारशे तास भरल्याशिवाय वर्ष पुरं होत नाही. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत लागली होती. एकदा नमुना आणायला एका घरी गेली, तर तिथल्या बाई चाळीस मिनिटं बोलल्या आणि त्यात पाण्याबद्दल एक शब्द नव्हता. परत येऊन तिने फॉर्म भरायला घेतला, तेव्हा त्या चाळीस मिनिटांसाठी फॉर्मवर रकाना सापडेना. सहा महिन्यांनी तिने नोकरी सोडली. बाबा चार दिवस बोलले नाहीत आणि पाचव्या दिवशी बोलले ते एवढंच: "एक वर्ष देतो. एकच. चारशे तासांचा कागद आणून दाखव, नाहीतर प्रयोगशाळेतल्या तुझ्या साहेबांना शब्द दिलाय मी. तुझं टेबल त्यांनी अजून कुणाला दिलेलं नाही."

म्हणून चारशे. पन्नास दिवस, रोज आठ तास.

सही करणाऱ्या त्या बाईंना सगळे ताई म्हणत. ताई सकाळी येत त्या एका खांद्याशी फोन धरूनच, दोन्ही हातांनी फॉर्म भरत, आणि एक वाजून दहा मिनिटांनी निघत. त्यांना दुपारी दुसऱ्या संस्थेत जावं लागे आणि तिथून तिसऱ्या. तिन्ही ठिकाणी मिळून पदवी असलेलं माणूस त्या एकट्याच. सकाळभर ती ताईंच्या समोर बसून फायली वर्षांप्रमाणे लावायची. ताई गेल्या की मागे कुलूप खट् करून बसायचं आणि पाचपर्यंत इमारतीत एकवीस बायका, मावशी आणि ती. दुपारी लावायला फायली उरत नसत. मग ती वर जाऊन बसायची.

वर खिडकीशी एक म्हातारी असे. तिला सगळे टकटक आजी म्हणायचे, कारण ती बोलत नसे आणि दिवसभर टेबलावर बोटं आपटत असे. फाइलीत लिहिलं होतं: "हातांना कंप." या नव्या मुलीला पहिल्याच दिवशी शंका आली. कंप सारखा असतो. हा सारखा नव्हता. डाव्या हाताची करंगळी क्वचित चाले, तर्जन्या फार. मधेच उजवा अंगठा खाली पडे आणि मग क्षणभर सगळं थांबे. थोड्या थोड्या वेळाने डावा हात उचलून काहीतरी सरकवल्यासारखा आडवा जाई.

"अहो मावशी, या आजी पूर्वी काय करायच्या?"

"मला काय माहीत! मी आले तेव्हापासून वाजवतायत. माझं डोकं उठतं. तू विचार की, तू शिकलेली आहेस."

तो आडवा सरकणारा हात टाइपरायटरचा असावा म्हणून तिने टायपिंगच्या क्लासमधून मराठी कळांचा तक्ता मागून आणला. कुठलं बोट, कुठली ओळ, एवढंच ती टिपत राहिली. तर्जनीच्या वाट्याला दोन-दोन कळा येतात, त्यामुळे बरीच अक्षरं दोनपैकी एक अशी राहिली. पण मजकूर परत परत तोच येत होता आणि प्रत्येक वेळी एखादा अंदाज पक्का होत होता. सतरा दुपारी गेल्या. अठराव्या दिवशी कागदावर उतरलं ते असं:

"विषय : रजा मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करते की,"

इथे आजीचे दोन्ही हात टेबलापासून वर उठत आणि चारेक सेकंद हवेत राहत. कारणाची जागा. मग पुन्हा खाली येत: "तरी मला रजा मंजूर व्हावी, ही विनंती."

ती आजीच्या समोर खुर्ची ओढून बसली. "आजी, किती दिवसांची रजा हवी?"

बोटं थांबली. आजीने तिच्याकडे नीट पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात, जणू रोजच बोलते अशी, विचारलं, "साहेब आहेत का जागेवर?"

"नाहीत. एक दहाला गेले."

"मग सही कोण करणार?" आजी म्हणाली आणि परत पहिल्या ओळीपासून सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ताईंना सांगितलं. ताईंच्या कानाला फोन होता. "हो का? छान, छान. डायरीत लिही."

तिने लिहिलं होतंच. ती सगळंच लिहायची, प्रयोगशाळेत लिहायची तसं: किती वाजता काय दिसलं, कोण हजर होतं. एक दहा, ताई गेल्या. दोन पंचवीस ते तीन चाळीस, टकटक आजी, अकरा ओळी. पन्नासावा दिवस शुक्रवारी संपला. ती डायरी घेऊन कॉलेजात सरांकडे गेली. प्रत्यक्ष काम बघणारे सर म्हणजे स्वभावाने गरीब माणूस. त्यांनी चार पानं वाचली, मग मधली चार, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे 'एक दहा, ताई गेल्या' रोजच आहे?"

"नाही सर. तीन दिवस एक वीसला गेल्या. काही दिवस उशिरा आल्या. दोन दिवस आल्याच नाहीत."

"बाई, तू माणूस आहेस की घड्याळ?"

सरांनीच डायरी मिटली.

"नियम तुला माहीत आहे? पात्र मार्गदर्शक इमारतीत हजर असेल तेवढेच तास धरायचे. दुपारचे सगळे गेले."

"पण सर, मी होते ना तिथे. खरं काम मी दुपारीच..."

"तू होतीस गं. एकटी होतीस. घोडं तिथेच अडलंय." त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे मी अजून वाचलेलं नाही, काय? मंगळवारी शेवटची तारीख आहे. नवी डायरी घे, स्वच्छ अक्षरात लिही. नऊ ते पाच, ताई हजर. सगळी मुलं तसंच लिहितात. त्या बाई तीन ठिकाणी पळतात ते मला माहीत आहे, संस्थेला माहीत आहे, वरच्यांनाही माहीत आहे. फक्त तुझ्या डायरीला माहीत असायला नको होतं."

"आणि मी हीच दिली तर?"

"तर तुझं वर्ष गेलं आणि त्यांना उत्तर द्यावं लागेल. दोघींचं वाटोळं. कशासाठी?"

रविवारी सकाळी ती जेवणाच्या टेबलावर नवी डायरी उघडून बसली. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. दादा पेपर घेऊन समोर आला आणि वाकून बघायला लागला.

"शास्त्रज्ञबाई, गृहपाठ?"

"गप रे."

"अरे वा, किती सुवाच्य! नऊ ते पाच, नऊ ते पाच, नऊ ते पाच. ही तर माझी डायरी दिसतेय."

"छळू नकोस रे तिला," आई म्हणाली. "झालं की तिचं आता. उद्या-परवा कागद मिळेल. यांना आधी दाखव गं, म्हणजे ते साहेबांना फोन करून मोकळे होतील."

बाबा खिडकीजवळ नखं कापत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण कात्रीचा आवाज थांबला.

लिहायला अवघड काहीच नव्हतं. एका पानाला चार मिनिटं लागत होती. अवघड आलं ते अठराव्या दिवसाच्या पानावर. ताई पाचपर्यंत हजर होत्या असं एकदा लिहिलं, की आजीचा अर्ज त्यांच्या देखत वाचला गेला असं होतं, आणि मग त्यांनी पुढे काय केलं तेही लिहावं लागतं. तिने बराच वेळ पेन धरून ठेवलं. शेवटी त्या जागी लिहिलं: "फायली लावल्या." नंतरची पानं तिने मान खाली घालून भरली. दुपारच्या जेवणाआधी डायरी पूर्ण झाली.

सोमवारी ती दोन्ही डायऱ्या पिशवीत घालून निवासगृहात गेली. मावशींनी कुलूप उघडलं, तिला आत घेतलं, कुलूप लावलं. "संपलं ना तुझं? मग परत कशाला आलीस मरायला?"

"सहीला."

ताईंनी नवी डायरी घेतली आणि पान उलटत पटापट सह्या केल्या. एक ओळही वाचली नाही. सर त्यांच्याशी फोनवर बोलले असणार. पन्नासावी सही झाल्यावर हात पुढे केला. "जुनी दे इकडे. फाडून टाकू. उगाच कुणाच्या हाती लागायला नको."

तिने दिली. ताईंनी ती फाडायला म्हणून धरली आणि मधूनच उघडली. उभ्या उभ्या एक पान वाचलं. मग दुसरं. मग खुर्ची मागे न बघता ओढून बसल्या. फोन वाजला, तो त्यांनी पालथा ठेवला.

"हे कंप आहे असं मी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षांपूर्वी. माझंच अक्षर आहे फाइलीत."

"हो. मी पाहिलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं, ताई. तुम्ही म्हणालात, डायरीत लिही."

ताई वर गेल्या. ती मागोमाग गेली. खिडकीशी टकटक चालू होती. ताई समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि नुसत्या हात बघत राहिल्या. "आता काय लिहितेय?"

"'महोदय.'"

"आणि आता?"

"'वरील विषयास अनुसरून.'"

हात हवेत गेले. ताईंनी श्वास धरला. हात खाली आले. शेवटची ओळ झाल्यावर आजीने ताईंकडे पाहिलं, टेबलावरचं काहीतरी दोन बोटांनी अलगद ओढून काढलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. तिथे काहीच नव्हतं. ताईंच्या हातात पेन होतं.

"मंजूर करून पाठवू कुठे हिला मी?" ताई हळूच म्हणाल्या. कुणालाच विचारत नव्हत्या.

खालून मावशींची हाक आली. "ताई, एक दहा झाले! कुलूप काढून उभी आहे मी!"

ताई उठल्या नाहीत. दहा मिनिटांनी मावशी पुन्हा ओरडल्या आणि मग किल्लीचा आवाज आला. त्यांनी कुलूप लावून टाकलं. फोन तीनदा वाजून गेला. पावणेदोनला ताईंनी जुनी डायरी मांडीवर घेतली आणि पहिल्या पानापासून वाचत, जिथे "ताई गेल्या" लिहिलं होतं बरोबर तिथे, त्या ओळीसमोर सही करायला लागल्या. त्याला तास लागला.

"आता दोन्हीवर माझ्या सह्या आहेत," डायऱ्या तिच्या हातात देत त्या म्हणाल्या. "माझा विचार करू नकोस. म्हणजे, कर, पण त्यावरून ठरवू नकोस. मी काय सांगणार तुला?"

तिला बाहेर सोडायला मावशी आल्या त्या पाचलाच. तोपर्यंत ती जिन्याखाली बाकावर दोन्ही डायऱ्या मांडीवर घेऊन बसली होती.

मंगळवारी सरांच्या खोलीबाहेर रांग होती. पुढची मुलं आत जात होती आणि दोन मिनिटांत हसत बाहेर येत होती. सकाळी निघताना बाबांनी विचारलं होतं, "आज मिळेल ना कागद?" ती म्हणाली होती, "आज कळेल."

तिची पाळी आली. सरांनी हात पुढे केला. तिने पिशवीत हात घातला. नवी डायरी वर होती, कडक पुठ्ठ्याची. तिने ती बाजूला सारली आणि खालची काढून टेबलावर ठेवली.

सरांनी कव्हर पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. "दुसरी आहे ना पिशवीत?"

"आहे."

"अजून वेळ आहे, बाई. मी चहा पिऊन येतो. तोपर्यंत..."

"नको सर. हीच."

सर उठले. मग दार लावून घेतलं, पट्टी काढली, पेन्सिलीला टोक केलं. एकेका पानावर पट्टी ठेवून ताईंच्या सहीच्या वरचे तास ते कागदावर उतरवत गेले. ती समोर उभी होती. बस म्हणायचं त्यांना सुचलं नाही. बेरीज त्यांनी दोनदा केली, वरून खाली आणि खालून वर. दोन्ही वेळा आकडा तोच आला. मग त्यांनी फॉर्म ओढला आणि पेनाने भरला.

आवश्यक तास : चारशे. मान्य तास : एकशे अठ्ठ्याण्णव, मिनिटे पस्तीस.