मोराच्या डोक्यापुरते कापड

वीतभर रुंद आणि चार हात लांब, असा मी मॅटीचा एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. मॅटी म्हणजे जाड विणीचे, चौकटी-चौकटींचे कापड. त्यावर घरे मोजून फुलीचे टाके घालतात. माझा जन्म भिवंडीत, नारपोलीच्या एका कारखान्यात झाला. ज्या लूमवर मी विणला गेलो, तो कधीच भंगारात गेला. त्यामुळे माझ्या विणीचे कापड आता नवे निघत नाही, आणि म्हणूनच पुढे माझ्या मानेवर कात्री आली.

मला घरी आणले प्रमोदिनीबाईंनी. त्या शाळेत शिवणकाम शिकवत. कुठेही चौकट दिसली की बाईंची नजर तिथेच अडकायची. कचेरीतली फरशी असो, सिमेंटची जाळी असो, की धामणकर नाक्यावर रिक्षात शेजारी बसलेल्या बाईच्या लुगड्याचा काठ असो. हाती येईल त्या चिठोऱ्यावर टिंबे मांडून त्या घरी येत आणि माझ्यावर टाके घालत. असे चौतीस नमुने माझ्या अंगावर होते. मुली मला टेबलावर पसरून घरे मोजत आणि वहीत उतरवून नेत. एकीने मला हळदीचा हात लावला, तेव्हा बाईंनी तिला असे फैलावर घेतले की ती आठवडाभर वर्गाला फिरकली नाही. खरे सांगतो, मला फार बरे वाटले होते.

चौतिसावा नमुना मात्र वेगळा होता. बाईंचे यजमान अवधूतराव अकरा दिवस रुग्णालयात होते. त्यांच्या खाटेशी बसून बाईंनी समोरच्या खिडकीची जाळी मोजली आणि निळ्या धाग्याने माझ्यावर भरली. बाराव्या दिवशी अवधूतराव गेले. बाईंनी माझी घडी घातली, ट्रंकेत ठेवली आणि वर डांबराच्या गोळ्या टाकल्या. खाली सहा बोटे जागा कोरीच राहिली. पाच वर्षे ती घडी कोणी मोडली नाही. कोणी मला मागायला आले की बाई सांगत, फोनवर हजार नमुने मिळतात, तिथे बघा.

वैशालीने तेच केले. ही अंबाडीकडच्या शेतकरी घरातली मुलगी, नारपोलीच्या कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरायला येते, आणि बाईंची जुनी विद्यार्थिनी. बहीण रूपाच्या लग्नात रुखवतावर मोरांची जोडी मांडायची, असे तिने ठरवले होते. फोनवर नमुना सापडला. लांबी लिहिली होती बारा इंच. कारखान्यात सगळे इंचावर मोजतात, हिनेही इंचावरच मोजले. शेटने माझ्याच विणीच्या जुन्या मॅटीचा शेवटचा तुकडा दिला होता, तो चांगला सोळा इंचांचा. पण ते बारा इंच बारीक घरांच्या कापडाचे होते, आणि आमची घरे मोठी. पहिला मोर जरा थोराड झाला तेव्हा ती उलट खूशच झाली. रूपा तर त्याचा फोटो सासरी पाठवून मोकळी झाली. मग दुसऱ्या मोराच्या मानेशी कापड संपले.

लग्न परवावर आले होते. नाक्यावरची सगळी दुकाने पालथी घालून, कुठेच घरे जुळेनात म्हणून ती भरदुपारी बाईंच्या दारात येऊन उभी राहिली.

“बाई, न्हाय म्हणू नका,” ती म्हणाली. “लग्नात बिनडोक्याचा मोर मांडला, त रूपाला जन्मभर ऐकावं लागंल. दहा बोटं कापड द्या तुमच्या पट्ट्यातलं.”

बाईंनी मला बाहेर काढून पसरले. कोरी जागा सहाच बोटे. उरलेल्या चार बोटांवर ती निळी जाळी होती. मला मूठ नाही, पण जीव मुठीत धरणे म्हणजे काय ते त्या दिवशी कळले. बाईंनी नाही म्हणावे, असे मला मनापासून वाटत होते. लग्न काय, मोरावाचूनही लागेल. इतका मी आपमतलबी झालो होतो.

बाईंनी कात्री उचलली आणि खाली ठेवली. पुन्हा उचलली. त्यांचा चेहरा बघून वैशालीला काय ते समजले. ऱ्हाऊ द्या बाई, म्हणत तिने पिशवी उचलली आणि ती चपला शोधू लागली.

“बस खाली,” बाई म्हणाल्या. “वही काढ. मी उसवते, तू घरं लिही.”

सुईच्या टोकाने पहिली फुली निघाली. दोन भर, एक सोड, पुन्हा दोन भर, असे सांगत बाई उसवत गेल्या. मधेच म्हणाल्या, या ओळीला ह्यांनी पाणी मागितलं होतं. वैशाली मान वर न करता लिहीत होती. पाच वर्षांत बाई त्या दिवसांबद्दल कोणाशी बोलल्या नव्हत्या. मग त्यांची सुई थांबली.

“इथे चुकलंय. तीन हवे होते, चार भरलेत. त्या दिवशी ह्यांनी मला ओळखलं नाही.”

“मंग तीन लिहू?” वैशालीने हळूच विचारले.

“नको. चारच लिही.”

मग कात्री चालली. माझ्या घरांवर तिच्या तुकड्याची घरे बरोबर बसवून बाईंनी दोन्ही कापडांतून टाके घेतले आणि जोड मोराच्या मानेखाली लपवला. बाकीचे वैशालीने दुसऱ्या दिवशी घरी पुरे केले.

पुढचे मी वैशालीच्या तोंडून ऐकले. लग्नात रुखवतापाशी रूपाची सासू ठकुबाई आली. मोर सगळ्यांनी वाखाणले होते, पण तिने ते कापड उचलून सरळ उलटे केले. भरतकाम मागून बघावे, हे तिला कोणी सांगायला नको होते. तिचे बोट जोडावर थांबले. रूपाने वैशालीकडे पाहिले.

“यो तुकडा कुठला?” ठकुबाईने विचारले.

“माज्या बाईंच्या घरचा,” वैशाली म्हणाली. “त्यांनी सोताचं उसवून दिला.”

ठकुबाई जोडावरून बोट फिरवत राहिली. मग तिने कापड सुलटे केले आणि लाडवांचे ताट बाजूला सारून ते मधोमध मांडले.

आता मी आखूड झालो आहे, मित्रांनो, आणि तेहतीस नमुन्यांचाच उरलो आहे. पण बाई आता मागेल त्याला मला नमुने उतरवून घ्यायला देतात. मी कात्रीला भीत होतो, तेव्हा भ्यायला हवे होते ते ट्रंकेला. तुमच्या घरी कोणाच्या हातचे असे काही घडी घालून ठेवलेले असेल, तर ते बाहेर काढा. ज्यांनी केले त्यांच्याशेजारी वही घेऊन बसा, आणि ते सांगतील तशी घरे लिहून घ्या, चुकीसकट.