भुवईवरचा व्रण

एका खासगी गुप्तहेर बाईच्या कथांची सत्तावीस पुस्तकं मी छपाईआधी तपासली, आणि एकाही पुस्तकात लेखिकाबाईंनी घोळ घातला नाही असं झालं नाही. गुप्तहेर बाईच्या डाव्या भुवईवरचा व्रण मधूनच उजवीकडे जायचा. नवव्या पुस्तकात मेलेले घरमालक अकराव्यात जिना उतरताना दिसले. मी समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'हे गृहस्थ वारले आहेत.' प्रूफ परत आलं तेव्हा खाली हिरव्या शाईत उत्तर होतं: 'अगं बाई. तुम्ही आहात म्हणून बरं.'

पुढे हे वाक्य दर पुस्तकात येत राहिलं. एकतीस वर्षांत आमची भेट नाही, फोन नाही. पण खरं सांगते, माझ्याशी इतक्या नेमानं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. सख्खी बहीण वर्षाकाठी एकदा फोन करते, तोही माझं विचारायला कमी आणि स्वतःचं सांगायला जास्त.

अठ्ठाविसाव्या पुस्तकाचं प्रूफ आलं ते अगदी गुळगुळीत. तीनदा वाचलं. व्रण डावीकडे, मेलेले सगळे मेलेलेच. मला चैन पडेना. शेवटी प्रकाशकांना फोन लावला. त्यांनी बरेच आढेवेढे घेतले, मग म्हणाले, बाईंना हल्ली काही आठवत नाही. हे पुस्तक त्यांच्या भाचीनं लिहिलंय, तुमच्या वहीवरून. कुणाचा व्रण कुठे, कोण कधी मेलं, असं सगळं टिपलेली ती वही मीच वर्षापूर्वी प्रकाशकांकडे मोठ्या तोऱ्यात पाठवली होती. माझा शहाणपणा मलाच नडला.

पत्ता घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. भाचीनं आत नेलं. लेखिकाबाई खिडकीशी बसल्या होत्या, स्वेटरची बटणं एक घर चुकून लावलेली. मी कोण ते सांगितलं. त्यांनी अदबीनं विचारलं, नळ दुरुस्त करायला आलात का.

"तुमच्या गुप्तहेर बाईच्या भुवईवर व्रण आहे ना?" मी विचारलं.

"आहे की. उजव्या."

"डाव्या," माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हसल्या. "तुम्ही आहात म्हणून बरं."

आणि पुन्हा नळाचं विचारायला लागल्या.

घरी येऊन प्रूफ उघडलं. त्र्याण्णवाव्या पानावरचं 'डाव्या' खोडून 'उजव्या' केलं. धडधडीत चूक, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातानं. पुस्तकावर नाव त्यांचं छापणार आहेत, तर निदान एक चूक तरी त्यांची असू दे.

खाली समासात उत्तरापुरती जागा सोडायचं आता काही कारण नव्हतं. तरी सोडली.